सल्ला : पंधरा हजारांत अकरा गाणी द्यावीत का?

पत्र :

मी २९ वर्षांचा आहे. नऊ वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. रात्रीचे १,८०० रुपये मिळतात, वर्षाला साधारण ७० कार्यक्रम होतात. शिवाय नऊ मुलांना शिकवतो. चार वर्षांत मी स्वतःची अकरा गाणी केली. आमच्या गावात ड्रेनेज साफ करताना गुदमरून गेलेला कामगार, पाण्याचा टँकर, ऊसतोड, हुंडा असे विषय आहेत. त्यातल्या दोन गाण्यांचे शब्द मित्राचे आहेत आणि तीन जुन्या सिनेमाच्या गाण्यांच्या चालीवर आहेत. एका म्युझिक कंपनीने अकरा गाण्यांचे मिळून १५,००० रुपये देऊ केलेत. करारात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी, जगभर, सर्व विद्यमान व भविष्यातील माध्यमांत, रॉयल्टी माफ’ असं लिहिलं आहे. सोमवारपर्यंत सही हवी म्हणतात. दुसरं म्हणजे ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात मी ड्रेनेजचं गाणं घेतलं की लोक मोबाइल काढतात, काही चहाला उठतात. मित्र म्हणतात, ‘तुझं गाणं भाषण वाटतं आणि कीबोर्ड रिंगटोनसारखा वाजतो.’ कर्ज काढून ८५,००० चा कीबोर्ड घ्यावा का? ऑर्केस्ट्रा सोडून पूर्ण वेळ हेच करावं का?
– एक कीबोर्डवादक, सांगली जिल्हा

उत्तर :

सही करू नका. बाकीचं पुढे बोलू, पण मुदत सोमवारची आहे म्हणून हे आधी.

पंधरा हजार भागिले अकरा म्हणजे गाण्यामागे १,३६३ रुपये. लग्नात एका रात्री दुसऱ्याची गाणी वाजवून तुम्ही याहून जास्त घरी नेता. पण रक्कम कमी आहे ही खरी अडचण नाही. वीस हजार दिले तरी उत्तर हेच राहील.

करारातला एकेक शब्द विनाकारण आलेला नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. जे माध्यम आज अस्तित्वातच नाही, त्याचा उल्लेख करारात नसेल तर त्याचे हक्क जात नाहीत. म्हणून ‘कायमस्वरूपी’, ‘जगभर’ आणि ‘भविष्यातील माध्यमांत’. कायद्याने तुमच्यासाठी ठेवलेल्या तिन्ही खिडक्या एका ओळीत बंद केल्यात. ‘रॉयल्टी माफ’ मात्र त्यांना लिहून घेता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा, म्हणजे हक्क घेणाऱ्याइतकाच वाटा, सोडून देता येत नाही. तो वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच (रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला) देता येतो. विरुद्ध लिहिलेलं कलम रद्दबातल ठरतं.

मग सही केली तर बिघडलं कुठे, असं वाटेल. बिघडतं असं की कलम रद्द आहे हे सिद्ध करायला कोर्टात तुम्हालाच जावं लागतं. आणि रॉयल्टीचा वाटा शाबूत राहिला तरी गाणं कुठे वाजवायचं, कुणाला द्यायचं, पुन्हा रेकॉर्ड करायचं की नाही, हे ठरवणारे तुम्ही राहत नाही. उद्या टँकरचं गाणं एखाद्या पाणी चळवळीला मोफत वापरायचं असेल तर परवानगी कंपनीकडून. उलट तेच गाणं कंपनी पाण्याच्या बाटलीच्या जाहिरातीला देऊ शकते.

यात एक आणखी मोठा खड्डा आहे. अशा करारात बहुधा शेवटच्या पानावर ‘सर्व साहित्य मूळ असून वाद उद्भवल्यास जबाबदारी लेखकाची’ असं कलम असतं. तुमच्या अकरांतल्या दोन गाण्यांचे शब्द मित्राचे आहेत. ते तुम्ही एकट्याने विकूच शकत नाही. तीन गाण्यांच्या चाली तुमच्या नाहीत. म्हणजे पूर्णपणे तुमची गाणी सहा, आणि सही मात्र अकरांवर. नुकसानभरपाई मागायची वेळ आली तर ती १५,००० वर थांबत नाही.

एकरकमी पैशाचं गणित काय होतं याची जुनी नोंद अमेरिकेत आहे. पियानोवादक, गायिका आणि गीतकार नीना सिमोन यांनी १९५७ साली पहिलं ध्वनिमुद्रण केलं आणि त्याचे हक्क जेमतेम ३,००० डॉलरना देऊन टाकले. तीस वर्षांनी, १९८७ मध्ये, त्यातलं एक गाणं अत्तराच्या जाहिरातीत वाजलं आणि ब्रिटनमध्ये प्रचंड चाललं. विक्रीचा मोठा वाटा दुसरीकडे गेला. उलट उदाहरण अमेरिकी गायक-संगीतकार स्टीव्ही वंडरचं. लहानपणी झालेला करार १९७१ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी संपला, तेव्हा त्याने लगेच नवी सही केली नाही. स्वतःच्या पैशाने गाणी रेकॉर्ड केली आणि मग त्याच कंपनीशी बोलणी केली. स्वतःची प्रकाशन कंपनी आणि काय गायचं ते ठरवण्याचा अधिकार, दोन्ही पदरात पाडून घेतलं. झोपडपट्टीतल्या माणसांवरची, वर्णद्वेषावरची, राष्ट्राध्यक्षांना जाब विचारणारी त्याची गाणी त्यानंतरची आहेत. तुमच्याकडे त्याची ताकद नाही, ते ठीकच आहे. घाई न करणं तरी परवडतं.

कंपनीशी भांडू नका. त्यांना उत्तर पाठवा : अकरा नको, दोन गाणी देतो. हक्क विकत नाही, वापराचा परवाना देतो. मुदत तीन वर्षं, फक्त तुमच्या चॅनलवर आणि ऑडिओ अ‍ॅपवर. जाहिरात, राजकीय प्रचार आणि चित्रपटासाठी वेगळी लेखी परवानगी. शीर्षकात आणि वर्णनात गीतकार-संगीतकाराचं नाव. दर सहा महिन्यांनी हिशोब, उत्पन्नात निम्मा वाटा. मुदत संपल्यावर ३० दिवसांत गाणं उतरवायचं. यावर ते रोख ५,००० च देतो म्हणाले तरी हरकत नाही. काहीच मान्य नसेल तर त्यांना गाणी नको होती, चॅनलसाठी स्वस्त माल हवा होता, एवढं तरी कळेल.

मित्राबरोबरच्या दोन गाण्यांसाठी आजच एक पान लिहा. गाण्याचं नाव, शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटणी किती टक्के, दोघांच्या सह्या, तारीख. गाणं चालल्यावर हे पान लिहायला बसलेले मित्र मित्र राहत नाहीत. हक्क मिळायला नोंदणी लागत नाही, निर्मितीबरोबरच तो असतो. तरी पुरावा हवा. चाल सुचली त्या दिवसाची मोबाइलमधली रेकॉर्डिंग पुसू नका आणि वह्या फेकू नका. कॉपीराइट कार्यालयात नोंदणीला शब्दांचे ५०० आणि चालीचे वेगळे ५०० लागतात, म्हणजे गाण्याला हजार. सगळ्यांची करू नका. आधी बाहेर काढणार असाल त्या दोन गाण्यांची पुरे. अर्ज केल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं, हे धरून चाला.

सिनेमाच्या चालीवरची तीन गाणी मंचावर गा, नेटवर टाकू नका. ओळखीच्या चालीवर नवे शब्द बसवणं ही जलशांची जुनी रीत आहे आणि ती शहाणपणाची आहे. चाल माहीत असल्याने लोकांचं सगळं लक्ष शब्दांवर जातं. पण यूट्यूबवर चढवलंत की ती चाल मशीन ओळखतं आणि उत्पन्न मूळ कंपनीकडे वळतं किंवा व्हिडिओच बंद होतो. या तीन गाण्यांना नवी चाल द्या. ती कीबोर्डवर शोधू नका, बोटं सवयीने त्याच सुरांकडे जातात. ढोलकीवाल्याला आठ मात्रांचा केहरवा ताल धरायला सांगा आणि फक्त तोंडाने गा. पहिल्या दिवशी ओळ समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सुरू करा, दुसऱ्या दिवशी समेनंतर दोन मात्रा सोडून उचला. उठाण बदलली की जुनी चाल आपोआप सुटते.

आता भाषण. तुमच्या ड्रेनेजच्या गाण्याचं ध्रुपद तुम्ही पाठवलं आहे :

भ्रष्ट व्यवस्थेच्या निष्क्रियतेने बळी घेतला कामगाराचा

पहिल्या तीन शब्दांत सहा जोडाक्षरं आहेत. मांडवातल्या भोंग्यातून ‘निष्क्रियतेने’ हा शब्द कुणालाच कळत नाही. ‘ष्क्रि’ गायकाच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत ढोलकी पुढे गेलेली असते. पण समजा उच्चार स्वच्छ निघाला, तरी ओळीत बघायला काय आहे? व्यवस्था दिसत नाही, निष्क्रियता दिसत नाही. लोक चहाला उठतात ते विषय नकोसा आहे म्हणून नव्हे. तुम्ही निकाल आधीच सांगून टाकला, मग बसून करायचं काय?

तुमच्याच तिसऱ्या कडव्यात एक दोर आहे. तो तिथे पुरून ठेवलाय. त्याला वर आणा. नमुना म्हणून :

दोर सोडला, दोर ओढला
दोराला पण वजन नाही

पहिल्या ओळीत आठ आणि आठ मात्रा, केहरव्याची दोन आवर्तनं बरोबर भरतात. दुसऱ्या ओळीत आठ आणि सात. उरलेली एक मात्रा ‘ही’वर लांबवायची, तिथे ढोलकी थांबवता येते. एकही जोडाक्षर नाही. कामगार मेला असं कुठेही म्हटलेलं नाही, पण पाचव्या रांगेतल्या आजीलाही काय झालं ते कळतं. या ओळी वापरू नका, तुमच्या स्वतःच्या काढा. कसोटी एवढीच की गाण्यात हाताला लागणाऱ्या किती वस्तू आहेत ते मोजा. झाकण, बादली, दोर, चप्पल, रिकामा डबा. चार कडव्यांत पाच वस्तू निघाल्या तर गाणं उभं राहतं. ‘शोषण’, ‘अन्याय’, ‘व्यवस्था’ हे शब्द सगळ्या गाण्यात मिळून एकदाच, आणि तेही शेवटच्या कडव्यात.

दुसऱ्या कडव्यात तुम्ही भरपाईचे ‘दहा लाख’ म्हटलेत. तो आकडा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालातला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने गटारात मृत्यू झाल्यास भरपाई ३० लाख केली. चुकीचा आकडा गायलात तर ज्या कुटुंबासाठी गाताय त्यांना कमी रक्कम हक्काची वाटेल, आणि ठेकेदार तर तुमच्या गाण्याचाच दाखला देईल. आकडा गाण्यात ठेवूच नका, तो जुना होतो. दोन गाण्यांच्या मधल्या निवेदनात सांगा. हाताने मैला उचलायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे, हेही तिथेच. निवेदन मात्र ४० सेकंदांच्या वर नको.

लयीबद्दल एक. दुःखाचं गाणं म्हणून तुम्ही ते मिनिटाला ६० ठोक्यांच्या लयीत ओढता. नीना सिमोन यांनी १९६३ च्या हत्यांनंतर लिहिलेलं संतापाचं गाणं चालीला चक्क नाटकातल्या खुसखुशीत गाण्यासारखं आहे. पाय ताल धरतो आणि तेवढ्यात शब्द लागतात. पोवाड्याची धावती लय तुम्हाला घरचीच आहे. मिनिटाला ८८ ते ९२ ठोके धरून बघा. १२० वर नेलंत तर शब्द पुन्हा हरवतील.

आता रिंगटोन. नवीन कीबोर्ड घेऊ नका. ८५,००० च्या कीबोर्डवरही हेच वाजेल, फक्त महाग वाजेल.

रिंगटोनसारखं वाजतं त्याचं कारण ऑटो अकम्पनिमेंट, म्हणजे कीबोर्डमधली तयार ‘स्टाइल’. डाव्या हाताने एक कॉर्ड दाबली की ड्रम, बेस, गिटार सगळं एकदम सुरू होतं. ते पॅटर्न हजारो लोकांनी ऐकलेले आहेत. शिवाय शेजारी खरी ढोलकी बसलेली आहे. ढोलकीच्या धुमेची (जाड आवाजाच्या बाजूची) आणि स्टाइलमधल्या बेसची जागा एकच, साधारण ८० ते १५० हर्ट्झ. दोन्ही वाजले की ठोका स्पष्ट राहत नाही, नुसता घुमारा येतो. स्टाइल बंद करा. ताल ढोलकीचा, बेस तुमच्या डाव्या हाताच्या करंगळीचा, आणि तोही समेवर व पाचव्या मात्रेवर एवढाच.

दुसरी चूक कॉर्डची. लोकगीताच्या चालीत गंधार, म्हणजे ग, अनेकदा कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी लागतो, किंवा दोन्ही लागतात. तुम्ही खाली मेजर कॉर्ड धरली की गायकाचा तो गंधार बेसूर वाटायला लागतो. चूक त्याची नसते, तुमची असते. गंधार सोडा, सा आणि प एवढेच धरा. चाल जिथे मध्यमावर थांबते तिथे म आणि वरचा सा. एवढ्याने निम्मा ‘सिंथेटिक’ वास जातो. स्ट्रिंगचा पॅड, म्हणजे सतत धरलेला लांब सूर, गायकाच्या आवाजाखाली गादीसारखा पसरू नका. ३०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात तो आणि पुरुषाचा आवाज एकमेकांत मिसळतात. पॅड फक्त दोन कडव्यांच्या मध्ये. ध्रुपदात तर कीबोर्ड जवळजवळ नकोच. लोकांना गायला जागा ठेवायची असेल तर तुमचं वाजवणं तिथे कमी झालं पाहिजे. नऊ वर्षं ऑर्केस्ट्रात मोकळी जागा दिसली की भरायची सवय लागते, हेच सगळ्यात अवघड जाईल.

सुरुवातीचं म्युझिक १५ सेकंद, ध्रुपद विसाव्या सेकंदाच्या आत. आणि पट्टी, म्हणजे सा कुठे धरायचा ते. शाहिरी आवाजाच्या गायकाला काळी चार, काळी पाचसारख्या उंच पट्टीत चढायला आवडतं, टाळ्याही पडतात. पण ज्या गाण्यात लोकांनी गळा मिसळावा असं वाटतं, ते बायका आणि पुरुष दोघांना जमलं पाहिजे. ध्रुपद षड्‌जापासून धैवताच्या वर नेऊ नका आणि सा पांढरी दोन-तीनच्या आसपास ठेवा. चढायचं ते कडव्यात चढा, तिथे गायक एकटाच असतो.

ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलायचं, बटण वापरत असाल तर एक धोका लक्षात ठेवा. ढोलकीची शाई गाण्याच्या सा ला लावलेली असते. तुम्ही आयत्या वेळी गायकासाठी दोन पट्ट्या खाली उतरलात की ढोलकी जुन्याच सुरात बोलत राहते आणि श्रोत्यांना नेमकं काय खुपतंय ते कळत नाही. पट्टी रंगीत तालमीला ठरवा, मंचावर नाही. आणि गाणं संपताच ट्रान्सपोज शून्यावर. पुढच्या गाण्याचा पहिला सूर चुकीच्या पट्टीत पडणं ही ऑर्केस्ट्रातली सगळ्यात जुनी फजिती आहे.

मंचावरच्या जोडणीचं थोडक्यात. मांडवातला मिक्सर बहुतेक वेळा मोनो असतो. एकच वायर देणार असाल तर ती ‘लेफ्ट/मोनो’ लिहिलेल्या भोकात. उजव्या भोकातून अर्धाच आवाज जातो आणि साउंडवाला तो वाढवताना घरघर वाढवतो. मिक्सर लांब असेल तर साधी जॅकची वायर ओढत नेऊ नका, डीआय बॉक्स (लांब वायरीतली घरघर रोखणारी छोटी डबी) लावा. दोन हजारांच्या आसपास चांगला मिळतो आणि ८५,००० च्या कीबोर्डपेक्षा आवाजात जास्त फरक पाडतो. सस्टेन पेडलवर पाय ठेवून कीबोर्ड चालू करू नका. बऱ्याच कीबोर्डमध्ये मग पेडल उलटं चालतं. सोडलं की सूर लांबतो, दाबलं की तुटतो. तसं झालं तर पाय काढून बंद-चालू करा. जनरेटर असेल तर ६०० व्हीएचा छोटा यूपीएस सोबत ठेवा. लाइट गेल्यावर ट्रान्सपोज, टोन सगळं पुसलं जातं.

कार्यक्रमात तुमचं गाणं कुठे ठेवता? शेवटी ठेवत असाल तर ते रोज बळी जातं. ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर भोंगे बंद, आणि सवलतीचे दिवस वर्षात मोजके. पावणेदहाला आयोजक घड्याळ दाखवायला लागतो आणि पहिलं कापलं जातं ते ऑर्केस्ट्रातल्या पोराचं स्वतःचं गाणं. ते चौथं घ्या. तीन ओळखीच्या गाण्यांनी माणसं बसलेली असतात, अजून कंटाळलेली नसतात. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा उचलला तो उगाच नाही. आधी हसवायचं, सैल करायचं, मग मुद्द्यावर यायचं. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून हेच केलं. आणि एका रात्री एकच. लग्नाच्या वरातीत तर एकही नको, तिथे ज्याने पैसे दिलेत त्याचा आनंद वाजवायचा.

या गाण्यांना स्वतःचं पंचांग आहे, ते वापरा. ३ जानेवारी सावित्रीबाई, ११ एप्रिल जोतीराव, १४ एप्रिल आणि पुढचा जवळजवळ महिनाभर बाबासाहेबांच्या जयंतीचे कार्यक्रम, १ मे, २६ जून शाहू महाराज, १ ऑगस्ट अण्णाभाऊ, २६ नोव्हेंबर संविधान दिन, २० डिसेंबर गाडगेबाबांची पुण्यतिथी. तुमच्या ड्रेनेजच्या गाण्याला यातली शेवटची तारीख मोजून मापून बसते. प्रत्येक तारखेच्या सहा-आठ आठवडे आधी मंडळांना, महाविद्यालयांना, कामगार संघटनांना ४० मिनिटांचा कार्यक्रम सुचवा. माणसं चार : तुम्ही, गायक, ढोलकी, एक कोरस. स्टीव्ही वंडरने १९८० मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जन्मदिवसाची सुट्टी व्हावी म्हणून गाणं केलं ते वाढदिवसाचं गाणं म्हणून. वाढदिवस रोज कुणाचा तरी असतोच, त्यामुळे मागणी रोज गायली गेली. कायदा १९८३ मध्ये झाला, पहिली सुट्टी २० जानेवारी १९८६ ला. गाणं छान असणं वेगळं आणि ते गायला निमित्त असणं वेगळं.

जिल्हा माहिती कार्यालयं सरकारी योजनांच्या प्रचारासाठी लोककला पथकांची निवड करतात, तिथे अर्ज जरूर करा. पैसे उशिरा येतील असं धरून. पण तिथे गाणं योजनेचं असतं, प्रश्नाचं नाही. ते काम वेगळ्या नावाने, वेगळ्या पथकाने करा, म्हणजे उद्या त्याच कार्यालयासमोर टँकरचं गाणं गाताना तुम्हाला आणि त्यांनाही अवघडणार नाही.

ऑर्केस्ट्रा सोडू नका, निदान दोन वर्षं तरी. ७० रात्रींचे १,२६,००० होतात. ते तुमच्या गाण्यांचं भांडवल आहे. कर्जाचा हप्ता डोक्यावर आला की पहिल्यांदा बळी जाईल तो ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार, आणि पंधरा हजारवाला करार पुढच्या वेळी तुम्ही न वाचता सही कराल. आषाढी एकादशीपासून गणपतीपर्यंत लग्नं नसतात. ते दिवस रेकॉर्डिंगचे. अकरांतली दोनच गाणी करा. ढोलकी आणि कच्चं गाणं एकत्र घ्या. मिनिटाला ८८ ठोक्यांचा क्लिक, म्हणजे लयीची टिकटिक, फक्त ढोलकीवाल्याच्या कानात. पक्का आवाज नंतर. गायकामागे आणि बाजूला गोधड्या टांगलेली खोली पुरते. मूळ फाइल २४ बिटची वेव्ह ठेवा, एमपी३ वर मिक्सिंग करू नका. तयार गाणं -१४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या जोराचं माप) आसपास, शिखर -१ डेसिबलच्या खाली. नेटवरून उतरवलेले फुकट लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे तयार तुकडे) वापरू नका. तोच लूप दुसऱ्या कुणी आपल्या नावावर नोंदवलेला असला की तुमच्याच गाण्यावर दावा येतो. रेकॉर्डिंगचा खर्च आणि जबाबदारी तुमची, म्हणून ध्वनिमुद्रणाचे मालकही तुम्हीच. स्टुडिओवाल्याकडून पावती आणि मूळ ट्रॅक दोन्ही घ्या. ढोलकीवाल्याला त्याच दिवशी रोख पैसे द्या. समाजाचं गाणं आहे म्हणून वादकाने फुकट वाजवावं, हा हिशोब त्या गाण्यालाच शोभत नाही.

पैशाच्या अपेक्षा मापात ठेवा. स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याची बारा महिन्यांत १,००० वाजवणी झाली नाही तर काहीच मिळत नाही. यूट्यूबच्या जाहिरातींसाठी १,००० सदस्य आणि वर्षात पाहिले गेलेले ४,००० तास लागतात. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षरी आयएसआरसी क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. पुढे गाणी अ‍ॅपवर चढवणारा वितरक बदललात तर तोच क्रमांक द्या, नाहीतर आधीची वाजवणी मोजणीतून सुटते. गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएस या कॉपीराइट सोसायटीचे सभासद व्हा आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा. सभासद होऊन गाणीच न नोंदवणारे बरेच असतात आणि मग सोसायटीला नावं ठेवतात. लग्नसमारंभातल्या वादनाला कायद्यानेच सूट आहे, तिथून रॉयल्टी यायची नाही.

शेवटचं, आणि हे रेकॉर्डिंगच्या आधी. ड्रेनेजच्या गाण्यात तुम्ही मृत कामगाराचं खरं नाव आणि ठेकेदाराचंही नाव घातलंय. ठेकेदाराचं काढा. अब्रुनुकसानीच्या फौजदारी खटल्यात गोष्ट खरी होती एवढं पुरत नाही, ती सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. त्या खटल्याच्या तारखांत तुमच्या ७० रात्री जातील. ‘ठेकेदार’ एवढाच शब्द पुरतो, गावाला कळतं. कामगाराच्या नावासाठी त्याच्या घरी जा. कीबोर्ड नेऊ नका, मोबाइलवर ऐकवूही नका. बसून, नुसत्या तोंडाने, सगळं गाणं त्याच्या बायकोला म्हणून दाखवा. नाव ठेवू का विचारा, हो म्हणाल्या तर कागदावर घ्या. फोटो व्हिडिओत नको म्हणाल्या तर नको. आणि दोर खरंच होता का, तेही त्यांनाच विचारा.